बरोबर शंभर

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, माझी उशी आणि ही वही. वही धाकटीने दिली. ताई, तिथे तुझी बडबड ऐकायला कुणी नसेल, निदान लिही तरी, असं म्हणाली. वयाने धाकटी, पण बोलणं नेहमी आजीबाईचं.

जागा मात्र झकास आहे. टेकडीच्या उतारावर दुमजली दवाखाना, बारा खाटा, गाव खाली सात किलोमीटरवर. इथे फक्त नैराश्याचे रोगी ठेवतात. माझी खोली वरच्या मजल्यावर. कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही, पण ऊन भरपूर. चौदा वर्षं शहरातल्या प्रयोगशाळेत काढली, समोर रोग्यांची रांग आणि पाठीशी ओरडणारे साहेब. त्यानंतर ही नोकरी म्हणजे मला सुट्टीच वाटते आहे.

मोठ्या डॉक्टरांनी (छोटे कुणी नाहीतच, तरी सगळे मोठे म्हणतात) माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून द्याल का, असं विचारलं. आजवर हे मी लोकांना विचारत आले. हसू दाबता दाबता नाकी नऊ आले.

४ सप्टेंबर, बुधवार

काम समजलं. मोठ्या डॉक्टरांनी फळ्यावर खडूने चित्रं काढून शिकवलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांच्या हाती. डॉक्टरांचं म्हणणं असं, की नैराश्य हा एक आजार नाहीच, निदान तीन आहेत. सेरोटोनिनचं गणित बिघडलं की माणूस धास्तावतो. झोप उडते, तोच तो विचार दळत बसतो. नॉरॲड्रेनलिन कमी पडलं की जड होतो, हात उचलणंसुद्धा डोंगराएवढं काम. डोपामिन आटलं की सगळं बेचव. त्याला दुःखही धड होत नाही. इथल्या फायलींवर तसेच शब्द लिहिलेत, धास्ती, जड, बेचव. वापरून झालेल्या रसायनांचा चोथा लघवीत उतरतो आणि तो मी मोजायचा.

हे सगळं इतकं सरळ नाही, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. लघवीतला आकडा म्हणजे मेंदूतलाच, असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही, आणि एकाला लागू पडलेलं औषध त्याच फायलीतल्या दुसऱ्याला पडत नाही. पण काहीतरी मोजायला तर हवं, म्हणाले. मी मोजणारी बाई, मला लगेच पटलं.

गंमत पुढे आहे. यंत्राचा आकडा रोज थोडा सरकतो. म्हणून रोज सकाळी आधी एका धडधाकट माणसाचा नमुना लावायचा, तो येईल त्याला शंभर म्हणायचं आणि रोग्यांचे आकडे त्याच्या तुलनेत काढायचे. तो धडधाकट माणूस म्हणजे इथला सर्वांत नवा नोकर. अर्थात मी. त्याला इथे ‘माप’ म्हणतात. आचाऱ्याने मला बघून आत हाळी दिली, नवं माप आलं म्हणून.

मापाला नियम आहेत. रोग्यांचंच जेवण, चहा-कॉफी बंद, गावात उतरायचं नाही, मोबाइल कार्यालयात जमा, फोन रविवारी अर्धा तास. मनाला उकळी फुटली की आकडा हलतो म्हणे. हे सगळं एक वर्ष. मी सही ठोकून दिली. वर्ष काय, बघता बघता जाईल.

११ सप्टेंबर, बुधवार

एक मैत्रीण मिळाली. खाट नंबर चार, शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई. सगळे त्यांना भूगोलबाई म्हणतात. फाइल बेचव. मी नमुना न्यायला जाते आणि अर्धा तास बसते. बोलते मीच, त्या ऐकतात. आज त्यांनी मला मध्येच थांबवून माझ्या गोष्टीतली नदी चुकीच्या दिशेला वाहते आहे, हे दाखवून दिलं. सिस्टर म्हणाली, चार महिन्यांत त्या आपणहून पहिल्यांदा बोलल्या.

त्यांची हकिगत त्यांनीच सांगितली, बाजाराची यादी सांगावी तशी. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी उठाव्याशा वाटेनात, म्हणून उठल्या नाहीत. रडू नाही, मरावंसंही वाटलं नाही. भूक लागली ती कळत होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी. चौथ्या दिवशी शेजारणीने दार फोडून घेतलं म्हणून वाचल्या. ती शेजारीण आता घर सोडून गेली. बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे. खरंच बरी होईन तेव्हाच घरी पाठवा, कारण या खेपेला दार फोडणारं कुणी नाही.

आकडा अडतीस होता, आज सेहेचाळीस. नवं औषध लागू पडतंय. ऐंशीच्या वर गेला की औषध बंद करतात, आणि दोन आठवडे तिथे टिकला की घरी सोडतात. दुपारी त्यांनी बटाट्यांवर मीठ मागितलं. मी इतकी खूश झाले, जणू मीठ माझ्याच शेतातलं.

२२ सप्टेंबर, रविवार

धाकटीशी अर्धा तास बोलले. फोन ठेवल्यावर वाटलं तितकं बरं वाटलं नाही. तिच्याकडे मागे कुकरच्या शिट्ट्या, पोरांची भांडणं, नवरा चष्मा शोधतोय. इकडे मी एकटी.

इथली दुपार लांब असते. माझं काम अकराला संपतं. रोगी झोपतात, आचारी झोपतो, डॉक्टर दार लावून लिहीत बसतात. तीन वाजता इतकं शांत होतं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. काल मी कॉरिडॉरमध्ये मोठ्याने शिंकले आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघत उभी राहिले.

६ ऑक्टोबर, रविवार

आनंदाची बातमी अशी, की सगळ्यांचे आकडे वर चाललेत. भूगोलबाई एकसष्ट. जड फायलीतले दोघे सत्तरच्या पुढे. मोठे डॉक्टर कॉरिडॉरमधून शीळ घालत गेले.

मला आनंद झाला, असं लिहिलं. झाला असणार.

सिस्टर मात्र कपाळाला आठ्या घालून फिरते आहे. तिचं म्हणणं, आकडे वाढतात आणि ताटं तशीच परत येतात. बाईंनी मीठ मागणं थांबवलं आहे, हे खरं. मी म्हटलं, औषधाला वेळ लागतो. ती म्हणाली, मला काय तू वेळ शिकवतेस, तीस वर्षं झाली.

धाकटीचा फोन आज दहा मिनिटांत संपवला. सांगण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं! हे वाक्य तिला वाचून दाखवलं तर ती डॉक्टर बोलवेल.

१० ऑक्टोबर, गुरुवार

रजिस्टरमध्ये दोन रकाने असतात. यंत्राचा मूळ आकडा आणि माझ्या तुलनेतला. डॉक्टरांकडे दुसराच जातो. आज सहज पहिला रकाना वरपासून वाचला.

भूगोलबाईंचा मूळ आकडा पंधरा दिवसांत वाढलेला नाही. उलट थोडा उतरलाच आहे.

माझा तिसऱ्या हिश्श्याने घटला आहे.

यंत्र असेल. किंवा यंत्रात घालायच्या द्रावणाची बाटली जुनी. नवी उघडून पुन्हा लावलं. तेच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सिस्टर लेकीच्या बाळंतपणाला निघाली, दोन महिने येणार नाही. जाताना मला तिने नऊ नंबरच्या खाटेपाशी नेलं. तिथे एक तरणाबांड माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. फाइल जड. मी त्याचा नमुना रोज मोजते, चेहरा कधी पाहिला नव्हता.

तो माझ्या आधीचं माप.

तो वर्षभर शंभर होता. जेवण सोडलं तरी शंभर, आंघोळ सोडली तरी शंभर. कागदावर काडीचाही फरक नाही. मग मी आले, माझ्या आकड्याला शंभर म्हटलं, आणि त्याच सकाळी तो एकोणतीस निघाला. डॉक्टरांनी नोंद केली, की रोग्याला आजार एका रात्रीत झाला. सिस्टरने तेव्हाच तोंड उघडलं होतं. तिच्यापुढे कागद धरला गेला.

माझ्या अंगावर काटा आला. तो यायला हवा तितका आला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांना सांगायचं ठरवलं आहे. उद्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या.

पहाटे चारला जाग येते. सकाळी अंग उचलत नाही. जेवताना काय खातेय ते बघावं लागतं. धास्ती, जड, बेचव, तिन्ही फायली मला लागू होतात, वेगवेगळ्या वेळी. डॉक्टरांचा फळा इतका नीटनेटका होता. रसायन आधी उतरलं म्हणून मी एकटी पडले, की एकटी पडले म्हणून रसायन उतरलं? रजिस्टर उलटसुलट वाचलं. त्यात फक्त आकडे आहेत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं! दारापर्यंत जायला नऊ दिवस लागले, पण सांगितलं. मी बरी नाही, माझ्यामुळे सगळ्यांचे आकडे फुगलेत, असं एका दमात बोलले.

डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, माझा तक्ता मागवला. पन्नास दिवसांची सरळ रेघ.

“तुम्ही बरोबर शंभर आहात,” ते म्हणाले. “एक दिवससुद्धा नव्व्याण्णव नाही.”

मी मूळ आकड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, यंत्र सरकतं, म्हणून तर माप घेतो. माझा आकडा उतरला त्याचा अर्थ यंत्र उतरलं. बाहेर पडले तेव्हा मला क्षणभर त्यांचंच पटलं होतं.

माझी तुलना माझ्याशीच करतात. मी मेले तरी शंभर.

३ नोव्हेंबर, रविवार

फोनला गेले नाही. आचारी बोलवायला आला, तुमच्या बहिणीचा फोन आहे म्हणाला. झोपले आहे असं सांग म्हटलं. तो जागेपणी हे सांगणाऱ्या माझ्याकडे बघत राहिला.

धाकटीने तीनदा लावला म्हणे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भूगोलबाई एक्क्याऐंशी.

दोन आठवड्यांनी, बावीसला, गाडी येणार. औषध आजपासून बंद.

त्यांना सांगायला गेले. खाटेवर बसल्या होत्या, पाय जमिनीवर, घालायच्या चपला समोर. मी किती वेळ बसले कोण जाणे. आज मीही बोलत नव्हते. दोघी भिंत बघत होतो. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

“तुम्हालाही आता कशाचीच चव लागत नाही ना?”

माझ्यात नक्की काय बिघडलंय ते इथे फक्त त्यांना कळलं. ज्यांना मी खोटी बरी ठरवलं त्यांना. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. माझ्यासाठी, स्वतःसाठी नाही. मापाकडे बघा, ती आजारी आहे. डॉक्टर कौतुकाने हसले. दुसऱ्याची काळजी वाटायला लागली, म्हणजे बाई खरंच बऱ्या झाल्या —

१३ नोव्हेंबर, बुधवार

मी माझ्या हाताने आकडे बदलले तर? बाईंच्या नावापुढे चाळीस लिहायचं. पेन उचललं. पण मग डॉक्टर पुन्हा मोजायला सांगतील, स्वतः शेजारी उभे राहतील — खोटी म्हणून मलाच काढतील — आणि पेन जड होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुचलं. इतके दिवस डोकं कुठे होतं!

शीतकपाट. खालच्या कोठारात. मापाच्या पहिल्या आठवड्याचा एक नमुना गोठवून ठेवायची इथली पद्धत आहे. मीच ठेवला असणार, चार सप्टेंबरला, हसत हसत. तो आजच्या यंत्रावर लावायचा. यंत्र उतरलं असेल तर तोही उतरलेला निघेल. वर निघाला तर उतरले ती मी.

दहा मिनिटांचं काम. कोठार, जिना, यंत्र.

१८ नोव्हेंबर

नाही झालं.

१९ नोव्हेंबर

जिन्यापर्यंत गेले. खालचा दिवा दिसत होता. कोठार दूर नाही. पण जाऊन काय, असं कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं. रागाने नाही. समजूत घालावी तसं. मी परत आले. तो आवाज खोलीत माझ्याआधी पोचला होता.

२० नोव्हेंबर

तो भूत नाही. भूत असतं तर पळाले असते. पाचावर धारण बसली तरी माणूस पळतो. हा पळू देत नाही. हा म्हणतो, बस. जरा बस.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांना एकदा गाठलं, कॉरिडॉरमध्ये, भिंतीला धरून. गोठवलेल्या नमुन्याचं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच उत्तर द्यायला वेळ घेतला. म्हणाले, माझ्यासमोर लावा, उद्या गाडी अकराला येते, त्याआधी. फरक दिसला तर गाडी परत पाठवीन, सगळ्यांचे तक्ते फाडीन, तुमच्यापासून उपचार सुरू करीन. मात्र एकदा वितळलेला नमुना चालणार नाही, गोठलेलाच आणा.

म्हणजे सगळं हातात आहे. बाई, मी, नऊ नंबर, सगळे. फक्त उद्या सकाळी —

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आठ. आणला! कोठारात जाऊन आले. नळी ॲप्रनच्या खिशात, बर्फासारखी गार. यंत्र सुरू केलं, तापायला अर्धा तास लागतो. तोवर पाच मिनिटं बसते खोलीत. लिहिते म्हणजे जाग राहील.

साडेआठ. यंत्र तयार असेल. उठायचं. बूट सुटला आहे, तो बांधून.

नऊ. एक बूट बांधला. दुसरा समोर आहे. मला तो दिसतो आहे. हात लिहितो, मग हात बूट का बांधत नाही — नको, विचार नको. उठायचं.

नऊ वीस. आचाऱ्याला हाक मारावी. तोंड उघडतं. आवाज निघत नाही. निघत नाही असं नाही, मी काढत नाही. यातला फरक मला माहीत होता.

दहा. खिशावर हात ठेवला. गार नाही.

बर्फ गेला. नळी माझ्या अंगाइतकी कोमट झाली आहे. दोन तास मी तिला ऊब देत बसले.

दहा चाळीस. नमुना गेला तरी मी आहे. खाली जाऊन नुसतं उभं राहिले तरी पुरे. मी अशी दिसते, बघा. गाडीच्या आडवं पडावं. बाईंचा हात धरावा. धाकटी असती तर तिने मला फरफटत —

दहा पन्नास. बाई दारात येऊन गेल्या. कोट घातलेला, हातात बॅग. मी अशी का बसले आहे, असं त्यांनी विचारलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, दुसरा बूट पाहिला, वाकल्या, त्यांनी तो माझ्या पायात घालून दिला. लेस बांधायला त्यांना जमलं नाही, अर्ध्यात सोडली. मग गेल्या.

अकरा. गाडी आली. दार उघडल्याचं ऐकू आलं. डॉक्टर शुभेच्छा देताहेत. माझं नाव घेऊन विचारताहेत, नमुना आणला नाही का तिने. कुणीतरी म्हणालं, नाही.

मग फरक नसणार, म्हणाले.

फरक आहे. फरक आहे. खिडकी चार पावलांवर. दोन्ही बूट पायात आहेत. हाक मारली तर ऐकू जाईल. बॅग ठेवताहेत. चार पावलं. इंजिन सुरू — उठते, हे वाक्य संपलं की उठते, हे एवढं